बाबा झोपलेत, आवाज नको: विक्रोळीतल्या एका घराचं प्रकरण

मुलगा चार वर्षांचा. ज्युनिअर केजीत जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि शाळेने आईला बोलावून सांगितलं होतं, "थोडे दिवस घरीच ठेवा, जरा समज आली की आणा." वर्गातल्या दोन मुलांना तो चावला होता. एकदा बाईंच्या अंगावर डबा भिरकावला होता. घरी आठ महिन्यांची बहीण, आणि तिच्या पाळण्यापाशी याला एकटं सोडायची सोय नव्हती. 'नाही' हा शब्द कानावर पडला की तो जमिनीवर आडवा व्हायचा, डोकं आपटायचा. घरात, जिन्यात, स्टेशनच्या पुलावर, कुठेही. उपचारासाठी माझ्याकडे आणलं तेव्हा फॉर्मवरच्या 'तक्रार' या रकान्यात आईने दोनच शब्द लिहिले होते: ऐकत नाही.

इथे त्याला सोनू म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घराची रचना, दिवसाचा क्रम आणि उपचाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणातलं महत्त्वाचं सगळं त्यातच आहे.

घर

कन्नमवार नगरातली म्हाडाची जुनी इमारत. एक खोली, स्वयंपाकघर आणि ग्रिल लावून आत घेतलेली गॅलरी. माणसं पाच. बाबा विमानतळावर कार्गोत, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. सकाळी साडेआठला घरी येतात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. आई घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली. आजी, म्हणजे बाबांच्या आई, नातीच्या वेळी सिंधुदुर्गातून आल्या त्या इथेच राहिल्या. आई निघाली की संध्याकाळपर्यंत दोन्ही मुलं त्यांच्याकडे.

साडेआठ ते तीन या वेळात घरात एकच कायदा चालायचा: बाबा झोपलेत, आवाज नको.

मी दिवसाचा एकेक तास विचारून घेतला तेव्हा सगळं या साडेसहा तासांत सापडलं. सोनू खेळता खेळता आवाज चढवतो. आजी तोंडावर बोट ठेवतात. तो आणखी चढवतो. आजी म्हणतात, पोलीस येईल. मग बागुलबुवा येतो. सोनू किंचाळतो. बाबा कूस बदलतात. आजी घाईघाईने त्याच्या हातात मोबाइल देतात आणि घर शांत होतं. कधी मोबाइल चार्जिंगला असतो. मग बाबा उठतात, पाठीत एक रट्टा घालतात, सोनू रडून रडून झोपतो. घर पुन्हा शांत.

या साखळीचा अभ्यास अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं केला, लोकांच्या घरात बसून, मिनिटामिनिटाची नोंद करत. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की अशा वेळी मूल आणि मोठी माणसं एकमेकांना शिकवत असतात. मुलाला कळतं, किंचाळलं की हवं ते मिळतं. मोठ्यांना कळतं, दिलं की किंवा मारलं की लगेच सुटका होते. त्या क्षणी फायदा दोघांचाही होतो, म्हणून दोघंही तेच पुन्हा करतात आणि दर खेपेला आवाज थोडा वर जातो. आजी दुबळ्या नव्हत्या, बाबा निर्दय नव्हते. थकलेल्या माणसांना झटपट शांतता हवी होती आणि ती मिळवण्याचे दोनच रस्ते त्यांना सापडले होते.

त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. सोनू दिवसातला पुष्कळ वेळ शांत असायचा. ठोकळे रचायचा, आजींच्या बाजूला बसून तांदूळ चाळवायचा, खिडकीतून खालच्या गाड्या बघायचा. त्या वेळी त्याच्याशी कोणीही काहीही बोलायचं नाही. साहजिकच होतं, तो गप्प आहे म्हटल्यावर आजी भाकऱ्या करून घ्यायच्या, आई कपडे वाळत घालून घ्यायची. आवाजाला या घरात मोबाइल मिळत होता, मार मिळत होता, चार माणसांचं लक्ष मिळत होतं. शांत राहण्याला काहीच मिळत नव्हतं.

आधीची तपासणी

वागणुकीच्या तक्रारीत मूल थेट उपचाराला घ्यायचं नसतं. बालरोगतज्ज्ञांकडून श्रवण तपासून घेतलं, वाढीचे टप्पे पाहिले, बोलण्याची समज वयानुसार आहे ना ते पाहिलं. स्वमग्नतेची लक्षणं नव्हती. झोप मात्र कमी होती. आई उशिरा येते म्हणून तो साडेअकरापर्यंत जागा राहायचा. मोबाइल दिवसाला चार-पाच तास. भारतीय बालरोग अकादमीची शिफारस दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जास्तीत जास्त एक तासाची आहे, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "शांत राहायचं काही औषध असतं ना?" कोणीतरी त्यांना 'हायपर' हा शब्द सांगितला होता. एवढ्या लहान वयात अतिचंचलतेचं (एडीएचडी) निदान घाईने करू नये, आणि झालं तरी पहिली पायरी औषधाची नसते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची २०१९ची मार्गदर्शक सूचना चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण द्या असंच सांगते. तेच मी त्यांना सांगितलं. आई लगेच म्हणाली, "म्हणजे चूक आमची आहे."

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये असं माझं मत आहे. मी तिला म्हणाले, मी त्याला आठवड्यातून एक तास भेटणार. तुम्ही आणि आजी त्याच्याबरोबर रोज आहात. मी त्याच्याशी छान वागले तर तो माझ्याशी छान वागायला शिकेल, त्याचा तुम्हाला काय उपयोग? जे मला येतं ते तुमच्या हातात द्यायचं आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "शनिवारी जमेल."

पद्धत

या उपचाराचं नाव पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, थोडक्यात पीसीआयटी. शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात ओरेगनमध्ये तो आकाराला आणला. दोन टप्प्यांची कल्पना त्यांच्या आधी तिथेच काम करणाऱ्या कॉन्स्टन्स हान्फ यांची. डायना बॉमरिंड यांच्या पालकत्वावरच्या संशोधनातून आयबर्ग यांनी एक धरून ठेवण्यासारखी गोष्ट घेतली: माया आणि शिस्त ही दोन टोकं नाहीत, मुलाला दोन्ही एकाच माणसाकडून मिळाली पाहिजेत. उपचार साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिल्या टप्प्यात खेळाची सूत्रं मुलाकडे असतात आणि मोठी माणसं त्याच्या मागे जातात. दुसऱ्या टप्प्यात मोठी माणसं सूचना देतात आणि ती पाळली जाईल हे बघतात.

वेगळेपण शिकवण्याच्या रीतीत आहे. पालक आणि मूल एका खोलीत खेळतात, थेरपिस्ट काचेपलीकडून पाहते आणि पालकांच्या कानातल्या यंत्रातून त्या क्षणी काय बोलायचं ते सांगते. माझ्याकडे तशी काच नाही. खेळाच्या खोलीत स्टँडवर फोन, त्यावर व्हिडिओ कॉल, आईच्या कानात ब्लूटूथ इअरफोन आणि मी शेजारच्या खोलीत. काम चोख होतं. पालकांना समोर बसवून तासभर उपदेश करण्यापेक्षा कानात सांगितलेलं एक वाक्य उपयोगी पडतं, कारण ते चूक होण्याच्या आधी येतं.

पहिलं निरीक्षण

सुरुवातीला कोणतीही शिकवण न देता पाच-पाच मिनिटांचे तीन प्रसंग पाहायचे असतात: मुलाच्या मनाप्रमाणे खेळ, पालकांच्या मनाप्रमाणे खेळ, आणि आवराआवर. पहिल्या पाच मिनिटांत आईने सत्तावीस प्रश्न विचारले. हा कोणता रंग? इंग्लिशमध्ये काय म्हणतात? किती ठोकळे झाले? सांग ना. चौदा सूचना दिल्या. दोनदा 'शाब्बास' म्हणाली, पण कशाबद्दल ते सोनूला कळण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला त्याने तिच्याकडे पाठ केली.

आपल्या घरांत मुलाशी खेळणं म्हणजे त्याची तोंडी परीक्षा घेणं असं होऊन बसलं आहे. दिवसभर बाहेर राहिलेली आई मिळालेल्या वेळात मुलाला काहीतरी शिकवून घ्यावं म्हणून धडपडते. त्यामागची काळजी खरी आहे. पण चुकण्याची धास्ती असलेलं मूल अशा खेळातून अंग काढून घेतं.

आवराआवरीच्या पाच मिनिटांत एकही ठोकळा डब्यात गेला नाही. सोनूने डबा उलटा केला आणि आईने एकटीने सगळं भरलं.

पहिला टप्पा

या टप्प्यात आईने करायचं ते असं: तो जे करतोय ते शब्दांत सांगायचं, तो जे बोलेल ते परत म्हणायचं, तो करतो तसं आपणही करायचं, नेमक्या कृतीचं नाव घेऊन कौतुक करायचं आणि या सगळ्यात स्वतः रमायचं. प्रश्न, हुकूम आणि टीका टाळायची. किरकोळ त्रास दिला तर तोंड फिरवायचं आणि तो थांबला की त्याच क्षणी परत वळायचं. रोज पाच मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं.

सोनू ठोकळ्यांची रांग लावत होता.

"काय बनवतोयस? ट्रेन आहे का?"

मी कानात म्हणाले, "प्रश्न आला. तेच साधं सांगा."

"तू... रांग लावतोयस."

"बरोबर. पुढचा ठोकळा."

"तू निळा ठोकळा ठेवलास."

सोनूने मान वर करून आईकडे पाहिलं. तपासून पाहावं तसं. मग म्हणाला, "फास्ट लोकल आहे."

"फास्ट लोकल आहे."

"विक्रोळीला थांबत नाही."

"विक्रोळीला थांबतच नाही!" आणि आई हसली. त्या तासातलं ते तिचं पहिलं हसू होतं. सोनूने सरकत सरकत येऊन आपली गाडी तिच्या मांडीवरून नेली.

या टप्प्यातून पुढे जायला मोजमाप असतं. पाच मिनिटांत नेमकं कौतुक दहा वेळा, त्याचं बोलणं परत म्हणणं दहा वेळा, कृतीचं वर्णन दहा वेळा, आणि प्रश्न-हुकूम-टीका मिळून तीनपेक्षा कमी. आईला त्याचं बोलणं परत म्हणणं लवकर जमलं. कौतुकाला वेळ लागला. तिला ते खोटं वाटायचं. "ठोकळा ठेवला त्यात काय कौतुक?" ती म्हणायची. मी तिला घरातल्या कायद्याची आठवण दिली. बाबा झोपले असताना तो हळू चालला, तर ते कौतुकाचं आहे की नाही? तिथे तिला धागा सापडला. त्या आठवड्यात तिने घरी म्हटलेलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं: "तू डबा हळूच खाली ठेवलास, बाबांची झोप मोडली नाही." सोनूने त्यानंतर घरातली सगळी भांडी एकेक करून हळूच खाली ठेवून दाखवली म्हणे.

बाबा सुरुवातीच्या भेटींना रात्रपाळी करून डोळे चोळत यायचे. त्यांना बोलणं जमत नव्हतं, पण सोनू करेल तसं करणं फार छान जमलं. तो मातीचा साप करायचा, हे मातीचा साप करायचे. घरी पाच मिनिटांची वेळ त्यांनी दुपारी उठल्यावर चहाबरोबर ठेवली. आईने सकाळी निघण्याआधी. वेळ ठरलेली असणं महत्त्वाचं, आणि त्या दिवशी तो कसा वागला यावर ती अवलंबून नसणं त्याहून महत्त्वाचं. ही पाच मिनिटं बक्षीस म्हणून द्यायची नाहीत आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. हे पटवायला मला सर्वांत जास्त बोलावं लागलं.

आजी

पुस्तकातला उपचार आई-बाबांना धरून लिहिलेला आहे, घरातली इतर सांभाळणारी माणसं सोयीप्रमाणे घ्यायची. मुंबईतल्या अशा घरात हा क्रम उलटा करावा लागतो असं मला ठामपणे वाटतं. सोनूचा दिवस आजींच्या हातात होता. त्यांना बाहेर ठेवून काही केलं असतं तर ते शनिवारपुरतं राहिलं असतं.

त्या आल्या त्या नाराजीनेच. "लाडावून ठेवलेल्याला आणखी लाडावून ठेवा," म्हणाल्या. कानात यंत्र घालायला त्यांनी नकार दिला. मग मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. सोनूसमोर भातुकली मांडली होती. तो भात शिजवत होता. आजी कोणी न सांगता त्याच्यासारखंच चमच्याने ढवळायला लागल्या आणि बोलत राहिल्या, हा भात घातला, हे पाणी घातलं, आता झाकण. कामं करता करता कामाचं बोलत राहायची त्यांची आयुष्यभराची सवय होती. आईला आठवडे लागलेलं वर्णन त्यांच्याकडे आयतं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. "आजी, हेच हवंय, हे तुम्हाला येतंच." त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण पुढच्या शनिवारी स्वतःहून आल्या.

अडचण होती ती 'वेडा कुठला', 'एवढं पण येत नाही' या मायेच्या बोलण्याची. आणि पोलीस, बागुलबुवा यांची. मायेच्या बोलण्यावर मी फार भर दिला नाही. भीतीवर दिला. भीतीने गप्प झालेलं मूल रात्री जागतं, आणि सोनू जागत होता. त्यांना नको म्हणण्यापेक्षा हातात दुसरं काही देणं गरजेचं होतं. म्हणून दिवसाची आखणीच बदलली. दहा ते बारा आजी दोन्ही मुलांना घेऊन खाली इमारतीच्या आवारात जायच्या, पाऊस असला तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. बाबांच्या झोपेतले दोन तास असे मोकळे झाले आणि मोबाइलची गरज तेवढी कमी झाली. हे कोणत्याही उपचारपद्धतीत लिहिलेलं नाही, पण एका खोलीच्या घरात हे केल्याशिवाय बाकीचं टिकलं नसतं.

गणपतीत सगळे गावी गेले. घर भरलेलं, कोणाला पाच मिनिटं मिळाली नाहीत, चुलत भावंडांशी मारामाऱ्या, काकांच्या हातचे दोन फटके. परत आले तेव्हा चावणं पुन्हा सुरू झालेलं. आई रडवेली होती. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात केली आणि या खेपेला दोन आठवड्यांत तिथेच पोहोचलो जिथे आधी दीड-दोन महिने लागले होते.

दुसरा टप्पा

इथे बाबा उत्साहात आले. त्यांना पहिल्यापासून हेच हवं होतं. बहुतेक कुटुंबं शिस्तीच्या भागासाठीच येतात आणि पहिला टप्पा म्हणजे उगाच लावलेली रांग असं त्यांना वाटतं. तो टप्पा पक्का होईपर्यंत मी दुसरा उघडत नाही. जिथे रमण्यासारखं काही नाही तिथून बाजूला बसवलं तर मुलाचं काय जातं?

आधी सूचना द्यायला शिकायचं. बाबांच्या सूचना 'नीट वाग', 'मस्ती नको' अशा. आईच्या 'ठेवशील का रे?', 'आपण आवरूया हं' अशा. पहिल्यात काय करायचं तेच कळत नाही. दुसऱ्यात 'नाही' म्हणायची मोकळीक दिलेली आहे. सूचना एका वेळी एक, स्पष्ट, शांत आवाजात, काय करू नये याऐवजी काय करायचं ते सांगणारी हवी. "लाल ठोकळा डब्यात ठेव." मग पाच सेकंद गप्प राहायचं. हे पाच सेकंद मोठ्यांना फार जड जातात, तोंडातून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच निघतं. त्याने ठेवला तर लगेच कौतुक. नाही ठेवला तर एकच ताकीद: ठेवला नाहीस तर खुर्चीवर बसावं लागेल. पुन्हा पाच सेकंद. मग खुर्ची. तीन मिनिटं, आणि शेवटचे पाच सेकंद शांत असले पाहिजेत. त्यानंतर तीच सूचना पुन्हा. ती पाळली की परत खेळ, आधीसारखाच मायेचा.

खुर्चीवरून उठून पळालं तर मुलाला थोडा वेळ वेगळ्या रिकाम्या खोलीत ठेवायची रीत मूळ पद्धतीत आहे. तिच्यावर मतभेद आहेत, आणि इथे तर दुसरी खोलीच नव्हती. बाबांनी सहज विचारलं, "मग बाथरूम?" मी ठाम नाही म्हटलं. ओली फरशी, बादली, गीझर, बाहेरून लावलेली कडी. मुलाला बाथरूममध्ये कोंडणं ही शिस्त नाही, तो धोका आहे, आणि अनेक घरांत तो सर्रास होतो म्हणून हे इथे स्पष्ट लिहिते. आम्ही दुसरा मार्ग घेतला: तो उठला तर मोठ्या माणसाने खेळणी गोळा करून स्वतःच लांब जायचं, पाठ करून उभं राहायचं, नजर मात्र कोपऱ्यातून त्याच्यावर.

पहिली खुर्ची माझ्याकडे झाली. बाबा होते. लाल ठोकळा. सोनूने तो दाराकडे भिरकावला. ताकीद. त्याने बाबांच्या पायावर लाथ मारली. खुर्ची. त्यानंतर जे सुरू झालं ते मुद्दाम सांगते, कारण बरेच पालक नेमके इथे सोडून देतात. तो किंचाळला, थुंकला, खुर्ची पाडली, शर्ट काढून फेकला. पूर्वी चालणारी गोष्ट चालेनाशी झाली की मूल ती आधी आणखी जोरात करून पाहतं, मगच सोडतं. नळाला पाणी आलं नाही की आपण तो आणखी फिरवतो, तसंच. बाबांचा चेहरा लाल झाला आणि उजवा हात खांद्यापर्यंत वर आला.

मी कानात म्हणाले, "हात पाठीमागे घ्या. दोन्ही. श्वास घ्या. भिंतीकडे बघा. तुम्ही बरोबर करताय."

त्यांनी हात पाठीमागे बांधले. बराच वेळ गेला. शेवटी सोनू दमून खुर्चीत बसला, हुंदके देत, मग गप्प. बाबा त्याच्यापाशी गेले. "लाल ठोकळा डब्यात ठेव." त्याने ठेवला. "तू लगेच ठेवलास," बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला.

बाहेर आजी बाकावर होत्या. आत आवाज ऐकून त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, "रडान रडान पोराचो घसो सुकलो, आनी तुमी नुसते बघतास?" मी त्यांना आत नेलं. सोनू बाबांच्या मांडीवर बसून साप करत होता. त्या काही बोलल्या नाहीत.

बाबांच्या त्या हाताबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मुलांना मारहाण केल्याची नोंद असलेल्या ११० पालकांवर अभ्यास केला. साधारण सव्वादोन वर्षांनी पाहिलं तेव्हा पालकांसाठीचा नेहमीचा प्रशिक्षणवर्ग केलेल्यांपैकी ४९ टक्क्यांची मारहाणीची पुन्हा तक्रार झाली होती, पीसीआयटी घेतलेल्यांत १९ टक्क्यांची. आम्हीही मार खाऊनच मोठे झालो असं सोनूचे बाबा म्हणत. हे वाक्य मी कधी खोडून काढलं नाही. हात वर आला त्या क्षणी करण्यासारखं दुसरं काहीतरी त्यांच्याकडे असणं मला जास्त गरजेचं वाटलं.

घरी खुर्ची म्हणजे गॅलरीच्या दाराशी ठेवलेलं प्लास्टिकचं स्टूल. सुरू करण्याआधी आईने शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवलं, काही दिवस आवाज येईल, काळजी करू नका, आम्ही मारत नाही आहोत. चाळीसारख्या वस्तीत हे केलंच पाहिजे, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी बिस्कीट घेऊन दारात उभं राहतं. पहिले काही दिवस ही सूचनांची वेळ बाबांच्या झोपेनंतर, चारनंतरच ठेवली. आजींनी ठरवलं की खुर्चीच्या वेळी आपण देवळात जायचं. ते त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि पाळलं.

पुढे

बहिणीला मारायचं नाही हा घरचा नियम म्हणून नंतर वेगळा घेतला, तो मोडला तर ताकीद नसते, सरळ खुर्ची. त्याच्या जोडीला तिच्या पाळण्यापाशी हात मऊ ठेवल्याचं कौतुक दिवसातून अनेकदा. मग स्टेशनचा पूल. शनिवारच्या गर्दीत आई आणि सोनू पुढे, मी चार पावलं मागे, कानात फोन. निघण्याआधी नियम सांगायचा, आईचा हात धरून चालायचं, आणि दर थोड्या पायऱ्यांनी ते हात धरणं बोलून दाखवायचं. खेळण्याच्या टपरीपाशी तो बसला खरा, पण आडवा झाला नाही.

मोजमापासाठी आयबर्ग यांचीच ३६ प्रश्नांची यादी वापरली, पालकांनी प्रत्येक वागणूक किती वेळा घडते ते एक ते सात अंकांत सांगायचं. १३१च्या वर चिंतेचं आणि उपचार थांबवायला ११४ किंवा खाली, हे तिथले ठोकताळे. ते अमेरिकेतल्या मुलांवरून ठरलेले, म्हणून मी ते सोनूची सोनूशीच तुलना करायला वापरते. आईच्या उत्तरांची बेरीज जूनमध्ये १७८ होती. गणपतीनंतर १५०च्या घरात. डिसेंबरात १०९. बाबांचे आकडे कायम तिच्यापेक्षा कमी असत, ते त्याला दिवसातून कमी तास जागे भेटत. आजींना मी यादी तोंडी विचारली. त्यांचा आकडा सर्वांत उशिरा उतरला, आणि मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो.

सगळं सुटलं नाही. झोपेची वेळ साडेदहाच्या अलीकडे आली नाही. मोबाइल दीड तासावर अडकला आहे. पाळी बदलल्याने बाबा शेवटच्या भेटींना येऊ शकले नाहीत आणि त्यांच्या सूचनांत 'नीट वाग' परत डोकावू लागलं आहे. आधीच्या शाळेत त्याला परत पाठवायचं नाही असं आईने ठरवलं. नव्या शाळेच्या बाईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं की हा शांत बसलेला दिसला तर तेव्हा त्याच्याशी बोला, गोंधळाची वाट बघू नका. बहीण आता रांगत येऊन त्याची लोकल मोडते. मध्यंतरी त्याने तिला ढकललं, चावला नाही, आणि आपणच स्टुलाकडे गेला.

आजी मे महिन्यात गावी परतणार आहेत. साडेआठ ते तीन या वेळासाठी आईने खालच्या मजल्यावरचं पाळणाघर ठरवलं आहे. तिथल्या ताईंनी दोन शनिवार माझ्याकडे यायचं कबूल केलंय. त्याआधी एक दिवस आजी स्वतः त्यांच्याकडे सोनूला घेऊन बसणार आहेत. मी विचारलं, काय दाखवणार? म्हणाल्या, "भात कसो शिजवूचो, ता."